सांगाडाच वारसा आहे : वॉटसन हॉटेलबद्दल एक खुलं पत्र

मुंबई, ऑगस्ट 2019

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि एस्प्लनेड मॅन्शनचा निर्णय ज्यांच्या सहीने होणार आहे ते सर्व अधिकारी

विषय : काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, पाडण्याच्या प्रस्तावाबाबत

महोदय,

काळ्या घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन दुरुस्तीपलीकडे गेली आहे, ती पाडून तिथे नव्याने बांधकाम करावं, अशी शिफारस आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी केल्याचं वर्तमानपत्रांत वाचलं. इमारत या उन्हाळ्यात रिकामी झालेलीच आहे. प्रकरण माननीय उच्च न्यायालयापुढे आहे, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. तेवढी समज न्यायालयाच्या सावलीत नोकरी केलेल्या कुणालाही असते. पण न्यायालयापुढे शासनाने काय भूमिका घ्यायची हे शासनच ठरवतं, आणि ती ठरण्याआधी तुमच्यापर्यंत काही गोष्टी पोचाव्यात म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

मी या इमारतीत टायपिस्ट होते. दिवाणी दावे चालवणाऱ्या एका वकीलसाहेबांच्या चेंबरमध्ये ऐंशीच्या दशकात रुजू झाले, तेव्हा टेबलावर रेमिंग्टन होतं. नोकरी संपली तेव्हा संगणक होता. मधल्या काळात वाद-प्रतिवाद, प्रतिज्ञापत्रं, मृत्युपत्रं, पगडीचे (म्हणजे एकरकमी पैसे मोजून घ्यायच्या भाडेहक्काचे) करार असं काय काय या बोटांखालून गेलं त्याची मोजदाद नाही. डोंबिवलीहून व्हीटी, तिथून हुतात्मा चौकातून चालत काळा घोडा. समोर एल्फिन्स्टन कॉलेज, मागच्या अंगाला सत्र न्यायालय, पलीकडे उच्च न्यायालय. वकिलांना याहून सोयीची जागा मुंबईत नव्हती. म्हणून तर एकेका खोलीच्या तीन-तीन खोल्या करून माणसं तिथे बसत होती.

मी वास्तुविशारद नाही, अभियंता नाही. पण कागद वाचायची सवय आहे, आणि या इमारतीविषयी जे जे हाती लागलं ते वाचलेलं आहे. ते आधी थोडक्यात सांगते, कारण या प्रस्तावावर सही करणाऱ्यांपैकी किती जणांना आपण काय पाडतो आहोत याची कल्पना आहे, याबद्दल मला शंका आहे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा खेळू लागला, गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याचे तट पाडायला घेतले आणि एस्प्लनेडची मोकळी जमीन विकायला निघाली. कंबरलँडकडून आलेल्या जॉन हडसन वॉटसन या कापडव्यापाऱ्याने 1864 मध्ये इथला भूखंड लिलावात घेतला. पुढच्याच वर्षी कापसाचा फुगा फुटला आणि अर्धी मुंबई बसली, पण वॉटसन मागे हटला नाही. त्याने रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्लिश अभियंत्याकडून आराखडा करून घेतला. डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत लोखंडाचे खांब आणि तुळया ओतल्या गेल्या, सुटे भाग जहाजांतून मुंबईला आले आणि 1867 पासून इथे एकावर एक जोडले गेले. सुएझ कालवा उघडला नोव्हेंबर 1869 मध्ये. त्याआधी निघालेलं हे जड लोखंड आफ्रिकेला वळसा घालूनच आलेलं असणार. नुसतं लोखंडच नव्हे, विटाही तिकडच्या. जोत्याचा आणि खांबांच्या बुडाशी असलेला लाल वालुकाश्म पेनरिथचा, म्हणजे वॉटसनच्या स्वतःच्या मुलखातला.

त्या दगडाविषयी दोन शब्द. आजूबाजूला पाहा : डेव्हिड ससून लायब्ररी मालाडच्या पिवळसर दगडाची, बाकीचं फोर्ट म्हणजे कुर्ल्याचा दगड आणि पोरबंदरचा. त्या सगळ्यात हा लाल दगड परका आहे. पुरातन वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन तो बनला, म्हणून त्याचा कण जाडा आणि गोल. वर्षानुवर्षं त्यावर ऑइलपेंट चढला, जाहिराती चिकटल्या, पान थुंकलं गेलं. पण रंगाचा पोपडा निघाला की खालचा दगड बोटाला खरखरीत लागायचा आणि पावसाळ्यात पदराला लाल कण चिकटायचे. मी ज्या प्रवेशाने आत जायचे तिथे, चढताना सगळेच हात टेकतात अशा ठिकाणी, तो गुळगुळीत झालेला होता. तेवढा एक हातभर तुकडा ऑइलपेंटने कधी झाकला गेला नाही, कारण तिथे रंग टिकतच नसे.

आमच्या टेबलालगत एक खांब होता. पार्टिशनने तो अर्धा आमच्याकडे आणि अर्धा शेजारच्या नोटरीकडे असा वाटून घेतला होता. आमच्या बाजूला क्रीम रंग, त्यांच्या बाजूला पिस्ता. पेन्सिलीने ठोकला की घंटेसारखा वाजायचा, कारण आतून पोकळ. नवीन अशिलाला साहेब हटकून तो वाजवून दाखवत आणि म्हणत, "भिंतीवर नका जाऊ, ती नुसती लावलेली आहे. इमारत याच्यावर उभी आहे." साहेबांना इतिहासाची आवड नव्हती, पण बोलले ते नेमकं होतं.

आणि माझा सगळा मुद्दा तोच आहे.

दगडाच्या जुन्या इमारतीत भिंती वजन पेलतात. वॉटसनमध्ये भिंतींना ते काम नाही. मजल्यांचंच नव्हे, तर विटांच्या भिंतींचंसुद्धा वजन लोखंडी चौकटीवर येतं आणि चौकटीतून पायात उतरतं. आज काचेचे टॉवर उभे राहतात ते याच तत्त्वावर. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग जगातली पहिली गगनचुंबी इमारत म्हणून पाठ्यपुस्तकांत शिकवतात. ती 1885 ची आहे, आणि ती 1931 मध्येच पाडली गेली. आपली त्याआधीची. भारतात टिकून राहिलेली ओतीव लोखंडाची सर्वांत जुनी इमारत म्हणून तिची नोंद आहे, आणि माणसांच्या राहण्यासाठी बांधलेल्या, सगळा भार लोखंडी चौकटीवर घेणाऱ्या बहुमजली इमारतींत ती जगातल्या अगदी पहिल्यांपैकी आहे.

म्हणून "दर्शनी भाग तसाच ठेवू, आत नवीन बांधू" हा जो मुंबईतला नेहमीचा तोडगा आहे, तो इथे लागू पडत नाही. इथे दर्शनी भाग गौण आहे. बाल्कन्या तर बऱ्याचशा गेल्याच. जपायचा आहे तो सांगाडा. तो काढून जागेवर आरसीसीची चौकट घातली आणि तिला लोखंडासारखा रंग दिला, तर तिथे वॉटसन हॉटेल उरणार नाही, वॉटसन हॉटेलच्या आकाराचं व्यापारी संकुल उरेल. "पुनर्बांधणी" हा शब्द प्रस्तावात असेल तर तो कृपया खोडावा.

आता तक्रारी. क्रम महत्त्वाचा नाही.

पहिली, अहवालाची. ज्या अहवालावरून दीडशे वर्षांची इमारत जमीनदोस्त करायची शिफारस होते, तो सामान्य नागरिकाला वाचायला मिळत नाही. बातमीत येतात ती त्यातली दोन वाक्यं. किती खांब तपासले? कुठल्या मजल्यावरचे? लोखंडाचे नमुने काढून प्रयोगशाळेत पाहिले का? गंज वरवरचा की आतपर्यंत? ओतीव लोखंड दाब सोसतं, ताण सोसत नाही, आणि तुटताना वाकून इशारा न देता तडकतं. त्यामुळे त्याची तपासणी सिमेंटच्या इमारतीसारखी करून चालत नाही. आयआयटीच्या विद्वत्तेवर मी शंका घेत नाही. पण वारसा संवर्धनात काम करणारे जाणकार ही इमारत वाचवता येते असं म्हणत असतील, तर दोन्ही मतं एकमेकांसमोर ठेवून लोकांना कळू द्या. आमच्या धंद्यात एका साक्षीदारावर निकाल होत नाही, उलटतपासणी होते.

दुसरी, दुरुस्तीच्या पद्धतीची. ही इमारत उपकरप्राप्त. म्हणजे 1969 च्या कायद्याने मुंबईच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापन झालं, भाडेकरूंकडून सेस, म्हणजे उपकर, घेतला जाऊ लागला आणि त्या पैशातून डागडुजी करायची असं ठरलं. हेतू चांगला होता, हजारो चाळी त्यावर तगल्या. पण ती सगळी यंत्रणा चाळीच्या मापाने बेतलेली आहे : लाकडी वासा काढा, लोखंडी गर्डर टाका, सिमेंटचा गिलावा मारा. ओतीव लोखंडाच्या चौकटीचं काय करायचं, याला त्या दरपत्रकात रकाना नाही. ओतीव लोखंड साध्या वेल्डिंगने जोडलं तर शेजारी नवीन तडा जातो. त्यासाठी ते नीट तापवून घ्यावं लागतं किंवा थंड अवस्थेतच धातूच्या खिळ्यांनी शिवण घालावी लागते. गंजलेल्या जोडाभोवती सिमेंट भरलं की पाणी आत कोंडतं आणि गंज दुप्पट वेगाने चालतो. सर्वांत कमी दराच्या निविदेत हे ज्ञान कुठून येणार?

तिसरी भाड्याची, आणि हिच्यात खलनायक सापडत नाही. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. गरिबाला घराबाहेर काढता येऊ नये म्हणून ते योग्यच होतं. पण त्याच दराने फोर्टातल्या मोक्याच्या जागेवर वकिली चालू लागली, पगडीत लाखो रुपये हातोहात फिरले आणि इमारतीच्या वाट्याला चहाच्या बिलाएवढं भाडं आलं. मालकाने दुरुस्ती करायची नाही, भाडेकरूने भाडं वाढवायचं नाही, सरकारने कायद्याला हात लावायचा नाही, अशी ही तिघांची न बोललेली तडजोड होती. साठच्या दशकात हॉटेल बंद झाल्यावर खोल्यांचे गाळे झाले. गाळ्यांत पोटमाळे चढले, मोऱ्या आल्या, पाण्याच्या टाक्या आल्या. मधल्या चौकात, जिथे 30 बाय 80 फुटांचा काचेचं छत असलेला नृत्याचा हॉल होता, तिथे कचरा आणि बेकायदा बांधकामं आली. 2005 च्या सुमारास 53 कुटुंबं आणि 97 व्यावसायिक गाळे या चौकटीवर बसलेले होते. मूळच्या 130 खोल्यांच्या हिशेबाने ओतलेल्या लोखंडाने हे सगळं इतकी वर्षं पेललं, याचं मला आजही नवल वाटतं. आता त्यालाच "कमकुवत" म्हणायचं म्हणजे थोडा अन्याय होतो आहे.

चौथी, उशिराची. 2005 च्या पावसाळ्यात पश्चिमेच्या बाजूचा भाग कोसळला आणि एक माणूस गेला. त्याच सुमारास वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने ही इमारत जगातल्या 100 सर्वाधिक धोक्यातल्या स्थळांत घातली. इटलीचे नामवंत वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी तिच्यासाठी शब्द टाकला होता. म्हणजे धोका आहे हे साऱ्या जगाला कळलं होतं. त्यानंतर 14 पावसाळे गेले. 1995 च्या वारसा नियमावलीने तिला द्वितीय अ श्रेणी दिलेली होतीच. गेल्या वर्षी जूनमध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले. हे हॉटेल त्याच परिसरात आहे. पेढे वाटून वर्ष होतं न होतं तोच त्या परिसरातल्या इमारतीवर हातोडा घालायची भाषा सुरू होते, हे बाहेरच्यांना कसं समजावून सांगायचं, तेवढं तरी मला कुणी सांगावं.

पाचवी तक्रार माझ्यासारख्यांची आहे आणि ती छोटी आहे. रिकाम्या झालेल्या इमारतीच्या यादीत मालक असतात, भाडेकरू असतात. टायपिस्ट, नोटरीकडचा मुलगा, झेरॉक्सवाला, मजल्यामजल्यावर चहा पोचवणारा, जिन्याखाली शिक्के बनवणारा यांची नावं कुठल्याच यादीत नसतात. पोट मात्र त्यांचं तिथेच होतं.

काही जण मला विचारतात, गोऱ्यांच्या हॉटेलाचं एवढं काय कौतुक? हा प्रश्न टाळायचा नाही. हे हॉटेल युरोपियनांसाठीच होतं आणि त्याची लाज ज्यांनी ते चालवलं त्यांनी बाळगावी. त्यावरून जमशेटजी टाटांना इथे दार बंद झालं आणि रागाने त्यांनी ताज बांधलं, अशी कथा मुंबईतला प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. ताज डिसेंबर 1903 मध्ये उघडलं आणि त्यापुढे वॉटसनची रया गेली, एवढं खरं. दाराची गोष्ट सिद्ध करणारा कागद कुणी दाखवलेला नाही. साहेबांच्या भाषेत, ऐकीव पुरावा. इमारत वाचवायला असल्या कथांची गरज नाही, आणि पाडायलाही नको.

पण गोऱ्यांच्या या हॉटेलात एक गोष्ट अशी घडली की तिचं बीज आपल्याकडे रुजलं. 7 जुलै 1896 रोजी सिनेमाचं यंत्र काढणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा माणूस मारिउस सेस्तिए याने इथे हलत्या चित्रांचे खेळ लावले. तिकीट एक रुपया. भारतात सिनेमा पहिल्यांदा दिसला तो या इमारतीत. आठवड्याभरात तेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि सामान्य मुंबईकरांना पाहायला मिळाले. त्या दिवसांत ल्युमिएरची चित्रं पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, आपले सावेदादा, असे भारावले की त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला. 1899 मध्ये हँगिंग गार्डनवरची कुस्ती त्यांनी टिपली. रँग्लर परांजपे गणितात केंब्रिज गाजवून 1901 मध्ये परतले, तेव्हा त्यांचं स्वागतही त्यांनीच चित्रित केलं. फाळक्यांचा चित्रपट यायला अजून बारा वर्षं होती. दरवर्षी चित्रपट महोत्सवांच्या व्यासपीठांवरून मराठी माणसाने सिनेमा उभा केला असं सांगितलं जातं. बरोबर आहे, पण मग ज्या जागी तो पहिल्यांदा लागला तिची वीट तरी शाबूत ठेवा.

सिनेमा दिसला त्याच वर्षी, 1896 च्या जानेवारीत, अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरला होता. त्याच्या लिखाणात वॉटसनपेक्षा मुंबईच्या कावळ्यांचंच वर्णन जास्त आहे. बाल्कनीच्या कठड्यावर बसून ते त्याच्या कपड्यांवर, चेहऱ्यावर, धंद्यावर चर्चा करत, असं तो म्हणतो. कावळ्यांचं सांगायचं तर आमच्या डब्यातली पोळी पळवणारे त्यांचेच वंशज असावेत.

दुरुस्ती शक्यच नाही असं ठामपणे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण देते, आणि ते मुद्दाम ऑर्डिशच्या कारकिर्दीतलंच निवडलं आहे. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या अजस्र लोखंडी छपराच्या कामात ऑर्डिशचा हात होता. त्या स्टेशनाला लागून असलेलं मिडलँड ग्रँड हॉटेल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने बांधलं, म्हणजे ज्याने आपल्या विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा आराखडा केला तोच. ते हॉटेल 1935 मध्ये बंद पडलं, पुढे त्यात कचेऱ्या आल्या, आणि 1966 मध्ये ते पाडायचं जवळजवळ ठरलं. लोकांनी आरडाओरडा केला, 1967 मध्ये त्याला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. नंतर ते कित्येक वर्षं धूळ खात पडलं, पण उभं राहिलं, आणि 2011 मध्ये पुन्हा हॉटेल म्हणून उघडलं. ऑर्डिशचा लंडनमधला आल्बर्ट पूलही 1873 पासून वापरात आहे. त्यावर एक पाटी आहे : सैनिकांनी पूल ओलांडताना पावलांचा ताल मोडून चालावं. हादऱ्याने पूल डोलतो म्हणून. पूल डोलतो म्हटल्यावर त्यांनी पाटी लावली, टेकू दिले, दुरुस्त्या केल्या. आपण पूल पाडला असता.

शिवाय वॉटसनची दुरुस्ती दगडी इमारतीपेक्षा एका बाबतीत सोपी आहे. ती मुळात सुट्या भागांत आली. खांबावर खांब, खांबाला तुळई, असं तिचं जोडकाम आहे. जे जोडलं ते शास्त्रीय पद्धतीने मोकळं करता येतं. ज्या खांबाला तडा गेला तो काढून त्याच्या मापाचा नवा ओतता येतो, बाकीचे तिथेच ठेवून. खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, पण अशक्य नाही. हे मी अभियंत्यांच्या लिखाणातून शिकले, माझ्या डोक्यातून आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते, नाहीतर पत्राचा विपर्यास होईल. इमारत रिकामी करणं योग्यच होतं. खाली फुटपाथवर माणसं चालतात, वर काही लटकतं असेल तर ते आधी काढा. कुणाचा जीव जाऊन वारसा वाचवावा असं मी म्हणत नाही. पण "रिकामी" आणि "सुरक्षित" यात फरक आहे. रिकाम्या इमारतीत गळती कुणी सांगत नाही, तुंबलेला पन्हाळा कुणी साफ करत नाही, जोडांच्या फटीत पिंपळ रुजतो तो कुणी उपटत नाही. आमच्या मजल्यावरचा पिंपळ मी दरवर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी काढायला लावत असे. यंदा कुणी काढला? ऑगस्ट चालू आहे. आणखी दोन-तीन पावसाळे अशीच राहिली तर कुणालाही पाडायचा आदेश द्यावा लागणार नाही.

म्हणून मागण्या अशा.

एक. तपासणीचे सगळे अहवाल, मोजमापं आणि छायाचित्रांसह, मराठीतल्या सारांशासकट जाहीर करावेत.

दोन. ओतीव लोखंडाच्या संवर्धनाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या अभियंत्यांकडून स्वतंत्र तपासणी व्हावी. देशात असा माणूस नसेल तर बाहेरून आणावा. मेट्रोसाठी बाहेरून यंत्रं येतात, तेव्हा कुणी स्वाभिमानाचा प्रश्न काढत नाही. ही तपासणी पूर्ण होईपर्यंत एकही तुळई हलवू नये.

तीन. दिवाळीच्या आत आधाराचे टेकू, फुटपाथवर संरक्षक छप्पर, पन्हाळ्यांची सफाई आणि झाडं काढण्याचं काम व्हावं. यासाठी कुठल्या समितीची गरज नाही.

चार. इमारतीचा कोपरा न कोपरा मोजून रेखाटून ठेवावा. जे सुटे भाग आत पडले आहेत किंवा काढावे लागतील त्यांना क्रमांक देऊन ते शासकीय ताब्यात ठेवावेत. जुन्या इमारतींचं लोखंड भंगारात कसं जातं हे चोरबाजारात पाहिलेलं आहे.

पाच. मालक दुरुस्ती करू शकत नसेल तर संपादनाचा पर्याय उघडपणे तपासावा, त्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात वेगळी तरतूद करावी, आणि भाडेकरूंचे हक्क आजच लेखी नोंदवावेत. उद्या इमारत चकाचक झाल्यावर जुन्या माणसांना हाकलता येऊ नये. या नोंदीत गाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांनाही जागा असावी.

सहा. पुढे तिथे काय करायचं हे आत्ता ठरवू नये. सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय याच वर्षी पेडर रोडवर सुरू झालं आहे, दुसरं नको. पंचतारांकित हॉटेल करायचा उत्साह कुणाला असेल तर तोही आवरावा. माझं विचाराल तर तिथे पुन्हा वकील बसावेत, खाली चहा मिळावा, आणि ज्या हॉलमध्ये ल्युमिएरचा पडदा लागला असेल तिथे एक साधा फलक असावा. पण हे माझं मत आहे, मागणी नाही.

या पत्राची प्रत वारसा समितीला आणि इमारतीच्या मालकांना पाठवली आहे. वर पहिल्या मागणीत म्हटलेला अहवाल माहितीच्या अधिकारातही मागितला आहे. नमुन्यातला अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, सगळं नीट टाइप करून. उत्तराला तीस दिवस असतात. तोपर्यंत सहीचं काम थांबवावं, ही विनंती.

आपली,
एस्प्लनेड मॅन्शनमधली एक निवृत्त टायपिस्ट
डोंबिवली (पूर्व)